गंधकयुक्त रेणूंचे प्रतिदीप्त शोधक

गंधकयुक्त रेणूंचे प्रतिदीप्त शोधक म्हणजे जिवंत पेशीतील गंधकाच्या संयुगांशी अभिक्रिया झाल्यावर ज्यांच्या प्रकाशाची तीव्रता किंवा रंग मोजता येईल इतका बदलतो, असे रंजक रेणू अथवा प्रथिने होत. प्रयोगशाळेत त्यांना सर्रास 'प्रोब' म्हटले जाते. सिस्टीन, होमोसिस्टीन, ग्लुटाथायोन व हायड्रोजन सल्फाइड हे रेणू पेशीत कोठे आहेत, किती आहेत आणि त्यांचे प्रमाण केव्हा बदलते, हे पेशी न फोडता सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी हे शोधक वापरतात.

या रेणूंची रासायनिक वर्तणूक एकमेकांशी अतिशय मिळतीजुळती असते. त्यांच्या प्रमाणांत मात्र प्रचंड तफावत असते. त्यामुळे शोधक उजळला यावरून तो नेमक्या कोणत्या रेणूमुळे उजळला हे ठरविणे, ही या क्षेत्रातील मध्यवर्ती अडचण आहे.

पेशीतील गंधक

प्रथिने घडविणाऱ्या २० प्रमाण ॲमिनो अम्लांपैकी सिस्टीन व मिथिओनीन या दोहोंतच गंधक असते. सिस्टीनमधील गंधकाच्या अणूला हायड्रोजन जोडलेला असतो. अशा गटास थायॉल गट म्हणतात. थायॉल गटातील हायड्रोजन सुटला की उरलेला ऋणभारित गंधक इलेक्ट्रॉनांची कमतरता असलेल्या अणूंवर सहज हल्ला चढवितो. बहुतेक शोधक गंधकाच्या या गुणाचाच उपयोग करून घेतात.

होमोसिस्टीनच्या साखळीत सिस्टीनपेक्षा कार्बनचा एकच अणू अधिक असतो. ते मिथिओनीनच्या चयापचयात तयार होते. ग्लुटाथायोन हे ग्लुटामिक अम्ल, सिस्टीन व ग्लायसीन यांचे मिळून बनलेले त्रिपेप्टाइड असून पेशीला ऑक्सिडीकारक द्रव्यांपासून वाचविणारा तो प्रमुख रेणू आहे. पॅरासिटामॉलची अतिमात्रा झाल्यास यकृतात निर्माण होणाऱ्या विषारी द्रव्याला ग्लुटाथायोनच निकामी करते. त्याचा साठा संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात. अशा रुग्णांना ॲसिटिलसिस्टीन देतात ते हा साठा पुन्हा भरून काढण्यासाठी.

हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू आहे. काळ्या मिठाचा उग्र वासही मुख्यतः गंधकाच्या अशाच संयुगांमुळे येतो. गटारात साचलेला हा वायू सफाई कामगारांच्या जिवावर बेततो, कारण पेशींच्या श्वसनातील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर तो बंद पाडतो. असे असले तरी सस्तन प्राण्यांच्या पेशी हा वायू अत्यल्प प्रमाणात स्वतःच तयार करतात. इ.स. १९९६ मध्ये जपानमधील काझुहो आबे व हिदेओ किमुरा यांनी मेंदूतील चेतापेशींच्या कार्यावर त्याचा परिणाम होतो असे दाखविले आणि त्याच्याकडे संदेशवाहक रेणू म्हणून पाहिले जाऊ लागले. लसणातील गंधकयुक्त संयुगांपासून मानवी रक्तातील तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, असे इ.स. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

पेशीत ग्लुटाथायोनची संहती साधारणपणे १ ते १० मिलिमोलर असते. सिस्टीन त्याहून बरेच कमी, म्हणजे मायक्रोमोलर पातळीवर असते. मुक्त हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण त्याहूनही कमी असते.

प्रतिदीप्ती व शोधकाची रचना

काही पदार्थ एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात आणि लगेच अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्मास प्रतिदीप्ती म्हणतात. इ.स. १८५२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी या घटनेचे विवेचन केले व तिला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. आत जाणारा व बाहेर येणारा प्रकाश यांचे रंग भिन्न असल्यामुळे गाळणी वापरून फक्त बाहेर येणारा प्रकाश पाहता येतो. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो, म्हणून अगदी थोडे रेणूही ओळखता येतात.

शोधकाचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिला भाग प्रकाश देणारा रंजक असतो. आडोल्फ फोन बायर यांनी इ.स. १८७१ मध्ये तयार केलेले फ्लुओरेसीन, त्याच वर्गातील ऱ्होडामीन, कुमारीन आणि इ.स. १९६८ मध्ये प्रथम वर्णिलेले बोरॉनयुक्त 'बोडिपी' रंजक यांचा त्यासाठी वारंवार उपयोग होतो. दुसरा भाग लक्ष्य रेणू ओळखणारा गट असतो. हा गट जागेवर असेपर्यंत रंजकाचा प्रकाश दडपलेला राहतो. उत्तेजित रंजकाकडून शेजारच्या गटाकडे किंवा त्या गटाकडून रंजकाकडे इलेक्ट्रॉन गेल्यास शोषलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडत नाही. लक्ष्य रेणूने या गटाची रचना बदलली अथवा तो गट तोडून टाकला की ही वाट बंद होते आणि रंजक उजळतो.

काही शोधकांत अभिक्रियेनंतर प्रकाशाचा रंगच बदलतो. अशा वेळी दोन तरंगलांबींच्या प्रकाशाचे गुणोत्तर घेतात. पेशीत शोधक कमीअधिक शिरला किंवा दिव्याची तीव्रता बदलली, तरी गुणोत्तरावर त्याचा परिणाम कमी होतो.

शोधनाच्या पद्धती

थायॉलांचा एकत्रित शोध

मॅलिइमाइड, ॲक्रिलेट इत्यादी गटांतील दुहेरी बंधावर थायॉलचा गंधक जोडला जातो. या समावेशन अभिक्रियेनंतर दडपलेली प्रतिदीप्ती मोकळी होते. दुसऱ्या पद्धतीत रंजकाला डायनायट्रोबेंझीनसल्फोनिल गट जोडलेला असतो. थायॉल त्या गटावर हल्ला करून त्याला रंजकापासून वेगळे करतो. हात्सुओ माएदा व सहकाऱ्यांनी इ.स. २००५ मध्ये फ्लुओरेसीनवर आधारित असे शोधक प्रसिद्ध केले. या पद्धती सिस्टीन, होमोसिस्टीन व ग्लुटाथायोन यांच्यात फारसा भेद करीत नाहीत. पेशीत ग्लुटाथायोन विपुल असल्यामुळे दिसणारा प्रकाश बहुतांशी त्याचाच असतो.

सिस्टीन, होमोसिस्टीन व ग्लुटाथायोन यांतील भेद

हे तिन्ही थायॉल वेगळे ओळखण्यासाठी त्यांच्यातील ॲमिनो गटाच्या स्थानाचा उपयोग करतात. सिस्टीन व होमोसिस्टीनमध्ये तो गंधकाजवळ असतो. त्यामुळे ॲल्डिहाइड गटाशी अभिक्रिया होताना सिस्टीनपासून पाच अणूंचे आणि होमोसिस्टीनपासून सहा अणूंचे वलय बनते. ग्लुटाथायोनमधील मुक्त ॲमिनो गट गंधकापासून दूर असल्याने असे वलय सहजी बनत नाही. रॉबर्ट स्ट्राँगिन यांच्या गटाने इ.स. २००४ मध्ये या तत्त्वावर सिस्टीन व होमोसिस्टीन ओळखण्याची पद्धत मांडली.

नायट्रोबेंझोक्साडायाझोल या गटाचा उपयोगही असाच होतो. प्रथम कोणताही थायॉल गंधकाच्या बाजूने त्याला जोडला जातो. सिस्टीन व होमोसिस्टीनच्या बाबतीत जवळचा ॲमिनो गट नंतर गंधकाची जागा घेतो आणि तीव्र प्रकाश देणारे संयुग तयार होते. ग्लुटाथायोनचे संयुग पहिल्याच टप्प्यावर थांबते व मंद राहते.

हायड्रोजन सल्फाइडचा शोध

पेशीच्या सुमारे ७.४ सामू असलेल्या द्रवात हायड्रोजन सल्फाइडचा मोठा भाग ऋणभारित आयनाच्या रूपात असतो, तर सामान्य थायॉलांचा थोडाच भाग तसा असतो. शिवाय या रेणूच्या गंधकावर दोन हायड्रोजन असल्यामुळे तो लागोपाठ दोन वेळा हल्ला करू शकतो, थायॉल मात्र एकदाच करू शकतो. हायड्रोजन सल्फाइड वेगळा ओळखण्याचे मार्ग मुख्यतः या फरकांवर उभारलेले आहेत:

१. ॲझाइड गटाचे क्षपण: रंजकावरील ॲझाइडचे ॲमिनो गटात रूपांतर होते आणि प्रकाश वाढतो. ही अभिक्रिया बहुधा संथ असते व तिला अनेक मिनिटे लागतात.

२. दुहेरी हल्ला: पहिल्या हल्ल्यात डायसल्फाइड बंध तुटतो. नव्याने आलेला गंधक शेजारच्या एस्टर बंधावर दुसरा हल्ला करून रंजक मोकळा करतो. सामान्य थायॉल दुसऱ्या पायरीवर पोहोचत नाही.

३. तांब्याचे अवक्षेपण: रंजकाला जोडलेला तांब्याचा आयन त्याचा प्रकाश दडपतो. सल्फाइड तो आयन ओढून घेते आणि अविद्राव्य कॉपर सल्फाइड तयार होते.

इतिहास

जॉर्ज एलमन यांनी इ.स. १९५९ मध्ये सुचविलेल्या अभिकर्मकामुळे थायॉलांचे मापन सोपे झाले. थायॉल मिसळताच द्रावण पिवळे होते व त्याचे शोषण ४१२ नॅनोमीटरला मोजतात. ही पद्धत प्रतिदीप्तीची नाही आणि ती मुख्यतः पेशींच्या अर्कासाठी व रक्तद्रवासारख्या नमुन्यांसाठी वापरली जाते. इ.स. १९७९ मध्ये नेखामा व एडवर्ड कोसोवर यांच्या गटाने बायमेन वर्गातील संयुगांनी मानवी तांबड्या रक्तपेशींमधील थायॉल चिन्हांकित केले. मूळ संयुग जवळजवळ अंधारे असते आणि थायॉलशी जोडल्यावर उजळते.

हायड्रोजन सल्फाइडसाठी इ.स. २०११ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी बर्कले येथील ख्रिस्टोफर चँग यांच्या गटाने ॲझाइडयुक्त ऱ्होडामीनवर आधारित 'एसएफ१' व 'एसएफ२' हे शोधक प्रसिद्ध केले. बिंगहे वांग यांच्या गटाचा डॅन्सिल ॲझाइड आणि मिंग शियान यांच्या गटाचा दुहेरी हल्ल्यावर आधारलेला शोधकही त्याच वर्षी आले. आरंभीच्या प्रयोगांत हा वायू बहुधा बाहेरून पुरविला जात असे. इ.स. २०१३ मध्ये चँग यांच्या गटाने पेशीत अडकून राहणारे सुधारित शोधक वापरून रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी स्वतः निर्माण करीत असलेला हायड्रोजन सल्फाइड टिपला.

पुढील टप्पा उलट दिशेनेही घडणाऱ्या अभिक्रियांचा होता. शोधक कायमचा जोडला गेला, तर प्रमाण घटल्याचे त्यातून कळत नाही. ग्लुटाथायोन कमी झाल्यावर त्याच्यापासून सुटणारे आणि वाढल्यावर पुन्हा जोडले जाणारे शोधक इ.स. २०१७ मध्ये जपानमधील यासुतेरू उरानो आणि अमेरिकेतील जिन वांग यांच्या गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. त्यामुळे एकाच पेशीतील चढउतार पाहता येऊ लागले.

जनुकसंकेतित शोधक

रंजक बाहेरून घालण्याऐवजी पेशीलाच शोधक प्रथिन बनवायला लावता येते. जेलीफिशमधील हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाच्या शोधासाठी व विकासासाठी ओसामू शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सिएन यांना इ.स. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनात योग्य जागी दोन सिस्टीन बसविल्यास ऑक्सिडीकरण होताच त्यांच्यात डायसल्फाइड बंध तयार होतो आणि प्रकाशशोषण बदलते. इ.स. २००८ मध्ये जर्मनीतील टोबियास डिक यांच्या गटाने अशा प्रथिनाला ग्लुटारेडॉक्सिन हे विकर जोडले. त्यामुळे ते पेशीतील ग्लुटाथायोनच्या ऑक्सिडीकरणाची स्थिती दाखवू लागले. हे प्रथिन ग्लुटाथायोनची एकूण मात्रा मोजत नाही.

भारतात या तंत्राचा महत्त्वाचा उपयोग क्षयरोगाच्या अभ्यासात झाला. क्षयाच्या जीवाणूत ग्लुटाथायोन नसते. त्याचे काम मायकोथायॉल हा रेणू करतो. अमित सिंह यांच्या गटाने मायकोरेडॉक्सिन जोडलेले शोधक प्रथिन तयार करून इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. यजमानाच्या भक्षक पेशीत शिरलेले सर्व जीवाणू सारख्या स्थितीत नसतात, असे त्यातून दिसून आले. एकाच औषधाला काही जीवाणू लवकर बळी पडतात व काही टिकून राहतात, हे समजून घेण्यास अशा निरीक्षणांची मदत होते.

महाराष्ट्रातील संशोधन

या विषयावरील महाराष्ट्रातील लक्षणीय काम पुणे येथे झाले आहे. इ.स. २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसर पुणे येथे, पिनाकी तालुकदार यांच्या गटाने थायॉल व हायड्रोजन सल्फाइड यांचे अनेक शोधक तयार केले. इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधकात क्रोमेनोक्विनोलीन या रंजकाला मॅलिइमाइड गट जोडलेला होता. सिस्टीनशी संयोग झाल्यावर त्याची प्रतिदीप्ती २२३ पट वाढली. हा शोधक पेशीपटलातून आत जातो व जिवंत पेशींतील थायॉल दाखवितो, हेही सिद्ध करण्यात आले. पुढील वर्षी याच गटाने बोडिपीवर आधारित हायड्रोजन सल्फाइड शोधक प्रसिद्ध केला.

पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अमिताव दास यांच्या गटाने राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांच्या सहकार्याने पेशीतील मेदयुक्त भागांतील सिस्टीन दाखविणारा शोधक इ.स. २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. पेशीतील बहुतेक ग्लुटाथायोन जलीय द्रवात असल्यामुळे, मेदाकडे ओढ असलेला शोधक वापरणे हा निवडकता साधण्याचा निराळा मार्ग आहे.

आयसर पुणे येथील हरिनाथ चक्रपाणी यांच्या गटाचे काम याला पूरक आहे. एखादा रेणू पेशीत काय करतो हे समजण्यासाठी तो केवळ पाहणे पुरेसे नसते. हव्या त्या जागी तो निर्माणही करावा लागतो. या गटाने विशिष्ट विकराची गाठ पडताच हायड्रोजन सल्फाइड सोडणारी संयुगे तयार केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमित सिंह यांच्या गटासह त्यांनी इ.स. २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे संयुग फक्त जीवाणूंमध्ये हा वायू सोडते. हायड्रोजन सल्फाइडमुळे जीवाणूंना प्रतिजैविकांच्या माऱ्यातून वाचण्यास मदत होते, असे त्यात आढळले. यावरून जीवाणूंची ही वायुनिर्मिती रोखणे हा प्रतिजैविकांची परिणामकारकता वाढविण्याचा एक मार्ग ठरू शकतो.

वैद्यकीय महत्त्व

रक्तातील होमोसिस्टीन वाढण्याचा संबंध ब१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी आहे. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांशीही त्याचा संबंध आढळला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व नॉर्वेमधील संशोधक यांनी पुणे परिसरातील २०४ व्यक्तींचा केलेला अभ्यास इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७७ टक्के व्यक्तींच्या रक्तात होमोसिस्टीन १५ मायक्रोमोलरहून अधिक होते आणि ४७ टक्के व्यक्तींमध्ये ब१२ कमी होते. मांस न खाणाऱ्या किंवा क्वचितच खाणाऱ्या समाजांत या मापनाचे महत्त्व त्यामुळे विशेष आहे.

रुग्णालयात होमोसिस्टीनचे मापन रक्तद्रवात केले जाते, जिवंत पेशीत नव्हे. त्यासाठी प्रतिकारक्षम प्रथिनांवर आधारित चाचण्या, वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमिती या पद्धती आहेत. वर्णलेखनाच्या एका प्रचलित प्रकारात थायॉलांना आधी प्रतिदीप्त रंजक जोडतात व मग ते एकमेकांपासून वेगळे करून मोजतात. येथे भेद ओळखण्याचे काम वर्णलेखनाचा स्तंभ करतो. जिवंत पेशीत असा स्तंभ उपलब्ध नसतो, म्हणून भेद ओळखण्याची संपूर्ण जबाबदारी शोधकाच्या रचनेवर येते. पेशीतील शोधकांचा उपयोग अद्याप मुख्यतः संशोधनापुरता आहे. औषधांची विषाक्तता, कर्करोगाच्या पेशींचा औषधांना होणारा विरोध आणि तंतुकणिका व लयकारिका यांसारख्या अंगकांतील बदल त्यांच्या साहाय्याने अभ्यासले जातात.

मर्यादा व पडताळणी

मापनपद्धती चुकीची असेल तर निष्कर्ष किती बदलू शकतात, याचे उदाहरण हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत मिळते. सुरुवातीच्या अभ्यासांत मेंदूतील त्याचे प्रमाण ५० ते १६० मायक्रोमोलर सांगितले जात असे. इ.स. २००८ मध्ये ज्युली फर्न व सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत व यकृतात ते सुमारे १५ नॅनोमोलर असल्याचे दाखविले, म्हणजे आधीच्या आकड्यांहून हजारो पटींनी कमी. जुन्या रासायनिक पद्धतीतील तीव्र अम्लामुळे प्रथिनांत बांधलेले सल्फाइडही मोकळे होई व तेही मोजले जाई.

या आकड्यावरून शोधकाकडून किती निवडकता अपेक्षित आहे याचा अंदाज येतो. ग्लुटाथायोन ५ मिलिमोलर व हायड्रोजन सल्फाइड १५ नॅनोमोलर धरल्यास पहिले दुसऱ्याच्या तीन लाखांहून अधिक पट भरते. एखादा शोधक हायड्रोजन सल्फाइडशी हजारपट वेगाने अभिक्रिया करीत असला, तरी अशा मिश्रणात ग्लुटाथायोनशी होणारी त्याची अभिक्रिया सुमारे ३०० पट अधिक ठरेल. म्हणूनच ग्लुटाथायोनशी संयोग झाला तरी प्रकाश न देणारी रचना योजणे, केवळ वेगातील फरकावर विसंबण्यापेक्षा अधिक खात्रीचे असते. तसे असले तरी अशा संयोगात शोधक वाया जातो, ही अडचण उरतेच.

याखेरीज पुढील मर्यादा विचारात घ्याव्या लागतात. शोधक लक्ष्य रेणू वापरून टाकतो, त्यामुळे तो जास्त घातल्यास पेशीचे मूळ संतुलन बिघडते. तीव्र प्रकाशात रंजक फिका पडतो. काही ॲरिल ॲझाइड प्रकाशानेच विघटित होतात व लक्ष्य रेणू नसतानाही खोटा संकेत मिळू शकतो. निळा वा हिरवा प्रकाश ऊतींत खोलवर जात नाही, म्हणून प्राण्यांमधील अभ्यासासाठी सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करणारे रंजक अधिक सोयीचे ठरतात.

निष्कर्ष विश्वसनीय ठरण्यासाठी तुलनेचे प्रयोग आवश्यक असतात. एथिलमॅलिइमाइड घालून थायॉल आधीच अडविल्यास थायॉल शोधकाचा प्रकाश नाहीसा व्हायला हवा. ब्युथिओनीन सल्फॉक्झिमीनने ग्लुटाथायोनची निर्मिती रोखल्यास त्याच्या शोधकाचा संकेत घटायला हवा. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारी विकरे निष्क्रिय केल्यास किंवा त्यांची जनुके काढून टाकल्यास त्या वायूच्या शोधकाच्या बाबतीतही तसेच घडायला हवे. शक्य असेल तेव्हा त्याच पेशींचा अर्क द्रव्यमान वर्णपटमितीसारख्या स्वतंत्र पद्धतीने तपासतात. दोन्ही निकाल जुळले, तरच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला प्रकाश विशिष्ट रेणूचा पुरावा म्हणून स्वीकारला जातो.